तिसरा क्रमांक

दिवाळीच्या सुटीत आम्ही आमच्या गावी, अणदुरास, गेलो होतो. सायंकाळी ओसरीवर बसलो असता शेजारचा तेरा वर्षांचा मुलगा हाती प्रमाणपत्र घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, धावण्याच्या शर्यतीत मी तिसरा आलो!" आम्ही सहज विचारले, "पहिला कोण आला?" त्याने एक नाव सांगितले, प्रमाणपत्राची घडी केली आणि तो निमूटपणे निघून गेला.

तो गेल्यावर आमची चूक आमच्या ध्यानी आली. वीस वर्षे मुलांत वावरूनही जो प्रश्न विचारू नये तोच आम्ही विचारला होता. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून आम्ही एका घोड्याची हकीकत सांगितली. अणदूर हे खंडोबाचे गाव; देवाचे वाहन घोडा; तेव्हा घोड्याचे नाव निघताच येथील मुले कान टवकारतात.

हा घोडा विलायतेत जन्मला, परंतु त्याचे नाव होते सयाजीराव! बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना, म्हणजे त्या वेळच्या सुमारे ३ लाख ९२ हजार रुपयांना, विकत घेतले. एवढी किंमत तोपर्यंत कोणत्याही शिंगरास आली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दांते याने त्याच वर्षी इंग्लंडची प्रसिद्ध डर्बी शर्यत जिंकली होती. महाराजांनी शिंगरास आपल्या आजोबांचे नाव दिले. केवढे हे ओझे! भावाची कीर्ती, राजाचा पैसा आणि आजोबांचे नाव.

१९४७ साली सयाजीराव सुमारे १६०० मीटरांच्या 'दोन हजार गिनी' या शर्यतीत धावला आणि तिसरा आला. पुढे २४०० मीटरांच्या डर्बीत धावला, तेथेही तिसरा. लोकांनी अर्थातच विचारले असेल, "पहिला कोण आला?" परंतु त्याला शिकविणाऱ्यांनी त्यास तबेल्यात बांधून ठेवले नाही. त्याच उन्हाळ्यात त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली. पुढे सप्टेंबरात, आपला देश स्वतंत्र झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यात, डॉन्कस्टर येथील सेंट लेजर शर्यत आली. तिचे अंतर सुमारे २९०० मीटर. एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन स्वाराने सयाजीरावास केवळ डोक्याच्या अंतराने पुढे काढले आणि तो पहिला आला! डर्बीत ज्या मिगोलीने त्यास मागे टाकले होते, तो या वेळी तिसरा होता. घोडा तोच होता. अंतर मात्र वाढले होते. काहींचा दम आरंभी दिसत नाही. वाट लांबली म्हणजे दिसतो. त्याची संततीही तशीच निघाली. त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ साली सुमारे ४००० मीटरांचा अ‍ॅस्कट सुवर्णचषक जिंकला.

ज्यांचे नाव या घोड्याने मिरविले, त्या सयाजीराव महाराजांची कथाही अशीच आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १८७५ साली बडोद्यास दत्तक गेला, तेव्हा बारा वर्षांचा असून त्यास अक्षरओळखही नव्हती. ज्या वयात इतर मुले पुष्कळ पुढे गेलेली असतात, त्या वयात त्यांनी पाटी हाती धरली. आणि १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शर्यतीत एकच पहिला येतो. शाळेत मात्र कोणीही मागे राहू नये, हे त्यांनी ओळखले होते. नातवाने घोड्यांवर अपार द्रव्य उधळले आणि १९५१ साली सरकारने त्याची राजपदाची मान्यता काढून घेतली. शर्यतीवरील पैशाच्या नादाने राजेही सावरले नाहीत, तेथे आपल्यासारख्यांची काय कथा! घोडा मात्र निर्दोष होता. तो केवळ धावला.

हकीकत संपल्यावर आम्ही मुलास विचारले, "किती अंतर धावलास?"

"चारशे मीटर."

"दमला असशील?"

"नाही, गुरुजी. कुठे पाय मोकळे होत होते, तोच शर्यत संपली!"

आम्ही प्रमाणपत्र पुन्हा पाहावयास मागितले. त्याने ते घरून धावत आणले. मध्यभागी घडीची रेघ पडली होती. ती आमच्या प्रश्नाने पडली होती.

पालकहो, मूल आपला निकाल घेऊन दारात उभे राहील, तेव्हा पहिला कोण आला हे विचारण्यापूर्वी, तू कसा धावलास, एवढे अवश्य विचारावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या दमाची शर्यत कदाचित अजून आली नसेल. तोवर धावणे सोडू नका.