वायफायचा दिवा आणि त्याचा धनी

लॅपटॉपच्या कळफलकावर किंवा पुढच्या कडेला असलेला वायफायचा छोटा दिवा विझला की कार्ड जळाले, असा सर्रास समज आहे. आणि पादऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे असा सुटा भाग बहुधा वडोदऱ्याहून आणावा लागतो, तिथे हा समज ग्राहकाला विनाकारण महागात पडतो. वस्तुतः कार्डाला वीज मिळणे, त्याचा रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा व घेणारा भाग, चालू असणे आणि दिवा लागणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

अनेक वर्षे वापरात असलेल्या मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाला 52 पिना असतात. त्यांतील काहींवरून 3.3 व्होल्टचा पुरवठा येतो, 20 क्रमांकाची पिन ‘रेडिओ बंद ठेव’ हा आदेश कार्डाकडे आणते, तर 44 क्रमांकाच्या पिनवरून कार्ड दिव्याला आदेश देते. दोन्ही संकेत उलटे चालतात: 20 वरचे व्होल्टेज शून्याजवळ गेले की रेडिओ थांबतो, 44 वरचे गेले की दिव्याचे मंडल पूर्ण होऊन तो लागतो. वायफाय चालू-बंद करणारे बाजूचे बटण बिघडून 20 क्रमांकाची पिन कायम शून्यावर अडकली, तर नवे कोरे कार्डही जुन्याइतकेच मुके राहते, ही साधी बाब दुरुस्तीच्या टेबलावर वारंवार विसरली जाते.

44 क्रमांकाची पिन स्वतःहून हलत नाही. तिला कार्डातील फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारी आज्ञावली, हलवते. इंटेलच्या कार्डांत हे फर्मवेअर दर वेळी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या बाजूने कार्ड चालवणारी आज्ञावली, चढवतो, त्यामुळे ड्रायव्हर नसेल तर पुरवठा पूर्ण व कार्ड निर्दोष असूनही दिवा अंधारात राहतो. लिनक्समधील आयडब्ल्यूएल-वायफाय या ड्रायव्हरला तर दिवा कायम बंद ठेवण्याचीही सोय आहे. काही लॅपटॉपांत दिवा कार्डाकडे नसून एम्बेडेड कंट्रोलरकडे, म्हणजे कळफलक, पंखा आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या छोट्या चिपकडे असतो. तिथे योग्य ड्रायव्हरअभावी वायफाय उत्तम चालत असतानाही ‘बंद’ दाखवणारा नारिंगी रंग तसाच राहू शकतो.

दिवा सॉफ्टवेअरच्या हाती द्यावा काय, हा वाद येथूनच उद्भवतो. माहितीची ये-जा होताना लुकलुकणारा दिवा उपयोगी आहे, हे मान्य करावेच लागते. परंतु 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲपलच्या जुन्या लॅपटॉपांतील कॅमेरा, त्याचे फर्मवेअर बदलून, दिवा न लावता चालवता येतो हे दाखवून दिले. तेव्हा ‘चालू आहे’ असे सांगणारी खूण फर्मवेअरवर सोपवणे किती धोक्याचे आहे, हे स्पष्ट झाले. अशी खूण त्या भागाच्या वीजपुरवठ्यालाच जोडलेली असावी आणि लुकलुकण्यासाठी हवा तर दुसरा दिवा द्यावा. एका दिव्याच्या बचतीसाठी खरेपणा सोडणे समर्थनीय नाही.

तोवर निदान दिव्यावरून करू नये. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचे नाव दिसत असेल तर त्याला वीज मिळत आहे आणि ते मदरबोर्डशी बोलत आहे. लिनक्समध्ये आरएफकिल ही आज्ञा रेडिओ बटणाने अडवला आहे की सॉफ्टवेअरने, हे वेगवेगळे सांगते. नव्या कार्डाचे पैसे मोजण्यापूर्वी वाचकांनी दुरुस्ती करणाऱ्याला एवढे उघडून दाखवायला अवश्य सांगावे.