तात्यांनी दिलेली नजर

बासेट हाउंड कसा सांभाळावा, हे मला जिंतूर तालुक्यातल्या एका मेंढपाळाने शिकवले. त्यांनी हा कुत्रा जन्मात कधी पाहिला नव्हता.

परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात असताना मी सुट्टीत मामाच्या गावी गेले, की तात्यांच्या मेंढवाड्यावर हमखास जायची. त्यांच्याकडे करवानी कुत्री होती. उंच पाय, आत ओढलेले पोट, नजरेने हेरून सुसाट सुटणारी. मी औषधांची नावे घोकायची, तात्या म्हणायचे, "माय, कुत्रं कोणत्या कामासाठी घडलंय ते आधी बघ. मग त्याला काय घालायचं ते ठरव."

आज पुण्यात माझ्याकडे बासेट येतात, तेव्हा मी तेच बघते. फ्रान्समधल्या शिकाऱ्यांना सशाचा माग काढणाऱ्या कुत्र्यामागे पायी चालता यावे, म्हणून ही जात ठेंगणी जोपासली गेली. उंची फार तर ३८ सेंटीमीटर, वजन मात्र २५ किलोच्या आसपास. असे पाय आखूड होण्यामागे एका जनुकाची जादा प्रत असते, हे २००९ साली संशोधकांनी दाखवले. एवढा भार इतक्या लहान पायांवर आणि लांब पाठीवर, म्हणून चढलेली चरबी थेट मणक्यांच्या मुळावर येते. तात्या रोज कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचे. करवानीच्या बरगड्या डोळ्यांना दिसतात. बासेटच्या दिसू नयेत, पण बोटांना लागायलाच हव्यात.

भाकरी खाल्ल्यावर तात्या कुत्र्याला घटकाभर पळू देत नसत. अरुंद, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो, हे मी पुस्तकात नंतर वाचले. बासेटलाही हा धोका आहे. कोकरू उचलताना तात्यांचा एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली असे. बासेटची पाठ वाकू नये म्हणून त्यालाही तसेच उचलावे, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत. पावसाळ्यात ते कान उलटून गोचीड शोधायचे. बासेटच्या जड, झाकलेल्या कानात हवा खेळत नाही, ओल साचते, बुरशी धरते. म्हणून आठवड्याला कान उचलून बघावा, पुसून कोरडा करावा. मे महिन्यात तळहात जमिनीवर टेकवून ते ताप अजमावायचे. आपल्या हाताला चटका बसला, तर कुत्र्याला बाहेर न्यायचे नाही.

महाविद्यालयाने मला रोग ओळखायला शिकवले. रोग होण्याआधीचे कुत्रे बघायला तात्यांनी. पदवीच्या कागदावर त्यांचे नाव नाही, म्हणून बासेटचे पिल्लू घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी औषधाआधी हे सगळे शिकवते, आणि ते कोणाकडून शिकले, तेही सांगते.