कसणाऱ्याचं नाव

अटी आणि अपवाद लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे अचलपूरजवळच्या चम्मकचा वाकाटक ताम्रपट मला ओळखीचा वाटतो. पाचव्या शतकात दुसऱ्या प्रवरसेनाने चर्मांक गावची 8000 भूमी 1000 ब्राह्मणांना दिली. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. पण दान घेणाऱ्यांनी राजद्रोह किंवा चोरी केली, इतर गावांना त्रास दिला, तर राजा जमीन परत घेणार. त्यांच्यापैकी 49 जणांची नावं तांब्यावर कोरली आहेत. नांगर धरणाऱ्याचं एकही नाही.

सडक अर्जुनीला आमची धानाची बांधी जंगलाला लागून आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीची 75 वर्षं, म्हणजे तीन पिढ्यांचा वास सिद्ध करावा लागतो. आजी धुरे दाखवते, मोहाचं झाड दाखवते. कागद नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, पण ती माणसं दरवर्षी कमी होताहेत.

सुट्टीत गेलो की मी ते जबाब लिहून घेतो. पहिलं नाव पणजोबांचं, कारण ती बांधी त्यांनी घातली.