नवा कान, जुन्या बोल्या

कॉक्लिअर इम्प्लांट म्हटले की लोकांना वाटते, ऑपरेशन झाले, यंत्र बसले, मूल ऐकू लागले आणि विषय संपला. आमच्या घरी हा विषय सात वर्षे चालू आहे आणि यंदा तो पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू झाला. आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको. हिंगोली जिल्ह्यात राहतो, उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या एका पगारावर घर चालते. धाकटी लेक जन्मापासून बहिरी. अडीच वर्षांची असताना तिला इम्प्लांट बसले. आता ती साडेनऊ वर्षांची आहे. कानामागचा जुना प्रोसेसर वारंवार बंद पडू लागला, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, म्हणून नवा घ्यावा लागला.

या यंत्राचे दोन भाग असतात. आतला भाग कातडीखाली कायमचा. बाहेरचा प्रोसेसर कानामागे अडकवायचा. तो आवाज टिपतो, त्याचे संकेत बनवतो आणि चुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती ते संकेत कातडीतून आत पोचवते. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. तिथे सरकवलेल्या तारेवर, कंपनीप्रमाणे, 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात. निरोगी कानात हे काम साडेतीन हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी करतात. म्हणजे साडेतीन हजार खिडक्यांचा उजेड वीस-बावीस फटींतून घ्यायचा आणि त्यात अक्षरे ओळखायची. ही मेहनत यंत्र करत नाही, मुलाचा मेंदू करतो.

केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत 2014 साली कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. तेव्हा एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची मर्यादा होती. या कामाची मध्यवर्ती संस्था मुंबईत वांद्र्याला आहे, 1983 साली स्थापन झालेली आणि अली यावर जंग यांचे नाव असलेली. हे नाव आपल्या मराठवाड्याला परके नाही. ते हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि 1971 पासून 1976 मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ज्या उस्मानियाने एके काळी डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवले, तिथल्या कुलगुरूंचे नाव आज बहिऱ्या मुलांच्या वाणीच्या संस्थेला आहे, याचा आम्हाला आनंद वाटतो.

नवा प्रोसेसर आला तेव्हा मोहल्ल्यात सगळे म्हणाले, "मुबारक हो, अब तो और अच्छा सुनेगी." लेकीने दुसऱ्याच दिवशी तो काढून हातात दिला. "नक्को ये. पुराना दो." तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळी माणसे पत्र्याच्या डब्यातून बोलत होती. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी समजावले की जुना मॅप, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडला किती जोर द्यायचा याचा हिशेब, नव्यात घातला आहे. पण याचे मायक्रोफोन वेगळे आहेत आणि गोंगाट दाबण्याची रीतही वेगळी आहे. पंख्याची घरघर तो स्वतःहून कमी करतो, समोरच्या माणसाला पुढे घेतो, मागच्याला मागे ठेवतो. सात वर्षे एका आवाजाच्या जगात राहिलेल्या पोरीला दुसऱ्या जगात नेऊन सोडल्यासारखे ते होते. मेंदू सरावायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

तेव्हापासून रोज सकाळी सहा आवाजांची परीक्षा चालते. म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग या तज्ज्ञाने ही पद्धत रूढ केली. तोंडासमोर कागद धरायचा, आवाज काढायचा, मुलीने तो परत म्हणायचा. या सहांत जाड-बारीक सगळे सूर येतात. पहिले दहा दिवस तिचा 'स' आणि 'श' एक झाला होता. जुन्या यंत्रात नीट येणारी गोष्ट नव्यात चुकते हे पाहून तिच्यापेक्षा आमचाच धीर सुटत होता. पण यंत्र दिवसभर कानावर हवे, हा नियम मोडायचा नव्हता. पहिल्या आठवड्यात दोन-दोन तास, मग पूर्ण दिवस.

घरच्या सवयीही बदलल्या. वुजूच्या आधी प्रोसेसर काढून डबीत ठेवायचा आणि कान नीट कोरडे झाल्यावरच लावायचा. ओढणी सुती हवी. सिंथेटिक कापड मायक्रोफोनवर घासले की तिला खरखर ऐकू येते आणि चकतीही सटकते. पावसाळ्यात रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डब्यात झोपते. हळदीच्या दिवसांत पॉलिशचे ढोल फिरतात, हवेत पिवळी धूळ असते, तेव्हा रोज ब्रशने मायक्रोफोन साफ करावा लागतो. स्वयंपाकघरातून पाठीमागून हाक मारणे बंद झाले. समोर जायचे, मग बोलायचे. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवायचे नाही, हा नियम आता शाळेतही रुजला आहे. त्याचा फायदा ऐकू येणाऱ्या मुलांनाही होतोच.

पण खरा प्रश्न यंत्राचा नाही, बोलीचा आहे. ऑपरेशन झाल्यापासून हितचिंतक सांगत आले, "एकच भाषा ठेवा, नाहीतर पोरगी गोंधळेल." एक कोणती? घरात आपली दखनी, शाळेत उर्दू, बाजारात आणि एसटीत मराठी. थेरपीही मराठीतून. दखनी सोडली तर ती दादीशी काय बोलणार? मराठी सोडली तर या जिल्ह्यात जगणार कशी? बहिऱ्या मुलाला ओठांवरून 'अब्बा' आणि 'अम्मा' सारखेच दिसतात, कारण ब आणि म दोन्हींत ओठ मिटतात. त्यांतला फरक फक्त कानाने कळतो, आणि कान तयार होतो तो भरपूर, मनापासूनच्या बोलण्याने. तसे बोलणे माणूस स्वतःच्या बोलीतच करतो. अलीकडचे अभ्यासही सांगतात की दुसरी भाषा अशा मुलांच्या वाटेत धोंड होत नाही. आम्ही तिन्ही ठेवल्या. नवा प्रोसेसर आल्यावर तोच सल्ला पुन्हा आला, आणि तिचा गोंधळ डोळ्यांसमोर असल्यामुळे या वेळी तो खोडून काढणे जड गेले.

पाचव्या आठवड्यात 'स' सुटा झाला. त्यानंतर एका संध्याकाळी अभ्यास करताना ती म्हणाली, "अब्बा, तुम शाला कैकू बोलते? मॅडम शाळा बोलते." आमच्या दखनीत ळ नाही. आमच्या जिभेवर तो आजही अडखळतो. ओठांवरून ल आणि ळ वेगळे करणे कठीण, कारण जीभ आत वळते. तो तिने ऐकलाच असणार. आता घरात ळ ती शिकवते. दादी रोज "काला" म्हणते आणि रोज दुरुस्त होते.

एक काळजी मात्र उरतेच. पहिले यंत्र योजनेतून मिळाले. दुसऱ्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले, आमच्या पाच महिन्यांच्या पगाराहून मोठे. पगार आहे म्हणून कर्ज मिळाले. हमालाच्या, वीटभट्टीवाल्याच्या मुलाचा प्रोसेसर थांबला तर त्याचे ऐकणे तिथेच थांबते, कारण आतला भाग बाहेरच्याशिवाय मुका असतो. आधी दिलेला आवाज परत जाऊ न देणे हेही योजनेतच यायला हवे. केरळने आपल्या श्रुतितरंगम योजनेत प्रोसेसर बदलण्याचा खर्चही धरला आहे. आपल्याकडेही तो धरला जावा, हे मागणे आम्ही पालक मांडत राहणार.

तोपर्यंत आम्ही पोस्टात तिच्या नावाने महिन्याला थोडे पैसे टाकतो. ती सोळा-सतरा वर्षांची होईल तेव्हा तिसरा प्रोसेसर लागेल. पुन्हा माणसे पत्र्याच्या डब्यातून बोलतील. पण तेव्हा "नक्को" म्हणायचे की थोडे थांबायचे, हे तिचे तिलाच ठाऊक असेल.