सातिवलीची खिंड आणि आमची टिपणवही

वसईचें नांव निघालें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें किल्ला उभा राहतो. १७३९ सालच्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि १८०२ सालच्या अखेरच्या दिवशीं ह्याच वसईस दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला, हे दोन सन आम्हीं शाळेंत मुलांकडून इतक्या वेळां घोकून घेतले आहेत कीं ते झोपेंतहि चुकावयाचे नाहींत. परंतु ती वसई रुळांच्या पश्चिमेची. केळीच्या बागांची, चर्चच्या घंटांची आणि खाऱ्या वाऱ्याची. आम्ही राहतों ती सातिवली पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूची. तिच्या नांवावर लढाई नाहीं, तह नाहीं, आणि कोणी प्रवासी तिचें वर्णन लिहावयास मुद्दाम येथें उतरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. म्हणून हें काम आम्हींच पत्करलें आहे.

भातखाचरें आणि पाडे ह्यांचें हें गांव २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाल्यापासून ‘शहर’ ह्या सदरांत मोडतें, आणि २०१४ सालीं ठाणें जिल्हा दुभंगून पालघर जिल्हा झाला तेव्हांपासून आमच्या पत्त्याची शेवटची ओळहि बदलली. आज येथें शेतापेक्षां गाळे अधिक. कोठें प्लॅस्टिकच्या वस्तु ओतल्या जातात, कोठें पुठ्ठ्याचीं खोकीं होतात, कोठें लोखंड कापलें जातें. आणि सकाळीं नऊपासून त्या सर्वांचा माल वाहणारे टेंपो व ट्रक मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दिशेनें रांग धरतात. ह्या रांगेची गांठ बसते ती सातिवलीच्या खिंडींत. पावसाळ्यांत दोन्ही अंगांस हिरवळ, वर ढग उतरलेले. पण खालीं पाहावें तों रिक्षा, डंपर, शाळेच्या बसगाड्या आणि कामगारांच्या सायकली एकमेकींस चिकटून मुंगीच्या पावलांनीं सरकत असतात. अर्धा पाऊण तास एका जागीं काढणें ह्यांत येथल्या माणसास नवल वाटत नाहीं.

ह्याच खिंडीनें आम्हांस उतारवयांत एक नवा विषय शिकविला, तो मोटारगाडीचा.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या चिरंजीवांनीं मोटार घ्यावयाचें ठरविलें. साधी पेट्रोलची घ्यावी असें आमचें मत. त्यांचा आग्रह मात्र ‘हायब्रिड’ सेडानचा. म्हणजे जींत पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन शक्ति एकत्र नांदतात. तिची किंमत त्याच मापाच्या साध्या गाडीहून सुमारें साडेचार लाखांनीं अधिक होती, आणि त्या अधिक रकमेंतला मोठा वांटा आमच्या निवृत्तीच्या पुंजींतून जावयाचा होता. “अण्णा, जाहीर आंकडाच लिटरास सव्वीसच्या वर आहे. पैसे पेट्रोलांतूनच वसूल होतील,” असें चिरंजीव म्हणाले. कंपनीचें नांव येथें देत नाहीं. निंदा आणि स्तुति दोन्ही टळाव्या हा हेतु. ‘हायब्रिड’ला कोणी ‘संकरित’ म्हणतात. संस्कृताच्या अभ्यासकास ‘संकर’ ह्या शब्दाचा जुना कलंक ठाऊक असल्यामुळें आम्हीं मनांतल्या मनांत तिला ‘द्विशक्ति’ असें नांव ठेविलें.

ही कल्पना नवी असेल अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. फर्डिनांड पोर्श ह्या तरुण तंत्रज्ञानें १९०० च्या सुमारासच इंजिन आणि वीज ह्यांची जोड घातलेली गाडी बनविली होती. पुढें पेट्रोल स्वस्त झालें आणि ती कल्पना अडगळींत पडली. १९९७ सालीं जपानांत टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ विक्रीस आली तेव्हां तिचें पुनरुज्जीवन झालें, आणि २०१० सालीं ती गाडी आपल्या देशांतहि आली.

हिचें काम कसें चालतें तें खिंडींत बसल्याशिवाय नीट समजत नाहीं. रांग थांबली कीं साध्या गाडीचें इंजिन जागच्या जागीं धडधडत पेट्रोल पीत राहतें. आमच्या गाडीचें इंजिन तेथें स्वतःच बंद पडतें, आणि पुढची दहा-वीस पावलें विजेची मोटर तिला निःशब्द ओढून नेते. ब्रेक दाबला कीं साध्या गाडींत चाकांचा वेग उष्णता होऊन वाऱ्यावर जातो. हिच्यांत तीच मोटर जनित्र बनते आणि वीज बॅटरींत परत भरते. विरार-चर्चगेट मार्गावर २००७ पासून धांवूं लागलेल्या नव्या लोकल गाड्या ब्रेक लागतांना वीज तारेंत परत देतात, तत्त्व तेंच. शिवाय हिचें इंजिन अ‍ॅटकिन्सन ह्या इंग्रज शोधकानें १८८० नंतरच्या दशकांत सुचविलेल्या रीतीवर बेतलेलें आहे. तींत जळलेल्या वायूचें प्रसरण अधिक लांबवून त्यांतून अधिक काम काढून घेतात. जोर थोडा कमी पडतो, तो विजेची मोटर भरून काढते.

आतां जाहीर आंकड्याविषयीं. आपल्याकडे गाड्यांची ही परीक्षा पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत होते. गाडी रुळांवर, म्हणजे फिरत्या दंडगोलांवर उभी करून ठराविक तक्त्याप्रमाणें चालवितात. वेग ताशीं नव्वद किलोमीटरांच्या वर जात नाहीं, आणि आजवर ज्या रीतीनें हे आंकडे निघाले तींत गाडी थंड ठेवणारें यंत्र बंद असे. ही परीक्षा खोटी नव्हे. सर्व गाड्यांस एकच प्रश्नपत्रिका असावी म्हणून ती तशी असते. परंतु वर्गांतल्या प्रश्नपत्रिकेंत पहिला आलेला मुलगा व्यवहारांतहि तेवढेच गुण मिळवील असें कोणता मास्तर सांगेल?

आम्हीं जुन्या संवयीप्रमाणें एक टिपणवही घातली. प्रत्येक फेरीचा दिवस, वाट, अंतर आणि गाडीच्या पडद्यावर उमटणारा आंकडा असे चार रकाने. दोन-तीन महिन्यांत वहीचा कल दिसूं लागला. महामार्गावर ताशीं सत्तर-ऐंशीच्या वेगानें जातां पंचवीसपर्यंत आंकडा येई. तेंच पुण्यास जातांना द्रुतगति मार्गावर शंभराचा कांटा धरला कीं वीसच्या खालीं उतरे. कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो, आणि ऐंशीचे शंभर केले कीं तो दीडपटीहून अधिक होतो. बोरघाटाच्या उतारावर पुष्कळ वीज परत मिळेल अशी आमची अपेक्षा होती, पण बॅटरी लहान असल्यामुळें ती थोड्याच वेळांत भरते आणि उरलेला उतार व्यर्थ जातो. सर्वांत मोठें आश्चर्य खिंडीचें. गाडी एकदां तापली असली कीं त्या रांगेंत ती वीस-एकवीस देई. शेजाऱ्यांच्या तेवढ्याच मापाच्या साध्या गाडीस तेथें नऊ-दहाच्या वर कधीं मिळालें नाहीं.

मग आंकडा बुडत होता तो कोठें? तर स्टेशनाच्या, बाजाराच्या आणि दवाखान्याच्या दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांत. तेथें पंधरा. इंजिन थंड असतें. तें आणि धूर शुद्ध करणारें पात्र तापेपर्यंत पेट्रोल अधिक जळतें. उन्हांत भाजलेली गाडी थंड करण्यासहि शक्ति लागते. आणि हें सर्व आटोपतें तोंच मुक्काम येतो. कोंडी ही ह्या गाडीची मैत्रीण आणि तोकडी फेरी तिची वैरीण, हा शोध लागल्यानें आम्ही फार खुष झालों आणि जेवतांना तो वारंवार सांगूं लागलों.

एक महिना मात्र हिशेब जुळेना. वहीप्रमाणें तीनशें किलोमीटर महामार्गावर पंचवीसनें आणि तीनशें गांवांत पंधरानें झाले होते, सरासरी वीस. म्हणजे तीस लिटर लागावयास हवें होतें. पंपावर भरलें बत्तीस! आम्हीं पंपावर जाऊन माप तपासून पाहण्याची मागणी केली. पांच लिटरांचें मुद्रांकित माप पंपावर ठेवावें लागतें आणि ग्राहकानें मागितल्यास दाखवावें लागतें, हें आम्हांस ठाऊक होतें. तेथील पोरगेल्या नोकरानें निमूटपणें माप भरून दाखविलें. तें रेषेस तंतोतंत होतें. मागें गाड्यांची रांग खोळंबली होती. आम्ही खालीं मान घालून घरीं आलों.

रात्रीं वही पुन्हां उघडली आणि घाम फुटला. तीनशें भागिले पंचवीस म्हणजे बारा लिटर, तीनशें भागिले पंधरा म्हणजे वीस लिटर, बेरीज बत्तीस. सहाशें किलोमीटरांस बत्तीस लिटर म्हणजे पावणेएकोणीस, वीस नव्हे! सरासऱ्यांची सरासरी काढूं नये, एकूण अंतरास एकूण लिटरांनीं भागावें, हें आम्हीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें, आणि त्याच चुकीसाठीं मुलांच्या पाटीवर फुली मारली. दुसऱ्या दिवशीं पंपावर जाऊन त्या मुलाची क्षमा मागितली. तो हंसून म्हणाला, “असूं द्या काका.” त्या दोन शब्दांनीं आम्हांस अधिकच लाज वाटली.

ह्याहून मोठी चूक पुढें उघडकीस आली. आमच्या सौभाग्यवतीस गुडघ्याच्या व्यायामासाठीं आठवड्यांतून तीन वेळां स्टेशनाजवळ जावें लागतें. जातांना-येतांना गाडींतून नेण्याचें काम आमचें. श्रावणांत त्या अधूनमधून म्हणूं लागल्या, “आज शेजारच्या वहिनी आहेत सोबतीला, तुम्ही नका येऊं.” आम्हांस तें सोयीचेंच वाटलें. एके दिवशीं भर पावसांत आम्ही कांहीं कामानें छत्री घेऊन खिंडीकडे निघालों असतां एका शेअर रिक्षेंतून त्या उतरतांना दिसल्या, एकट्याच. एक हात रिक्षेच्या दांड्यावर, दुसऱ्या हातांत पिशवी, आणि दुखरा पाय पाण्यांत टेकावा कीं नाहीं अशा विचारांत क्षणभर थबकलेल्या. गाडी घरीं दारांत उभी होती.

घरीं आल्यावर आम्हीं जरा रागानेंच विचारलें, “अगं, गाडी असतां हें काय?”

त्या पदर पिळीत म्हणाल्या, “अहो, माझ्यामुळें तुमचा आंकडा पंधरावर येतो ना? रोज जेवतांना ऐकतेंच आहें मी.”

चिरंजीव शेजारीं उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. आम्हांसहि उत्तर सुचलें नाहीं.

वर्षाअखेर आम्हीं योग्य रीतीनें हिशेब मांडला, तो वाचकांपुढें ठेवतों. वर्षांत सुमारें आठ हजार किलोमीटर झाले, सरासरी एकोणीस, म्हणजे चारशें एकवीस लिटर पेट्रोल. साध्या गाडीस ह्याच वाटांवर तेराचा दर धरला तर सहाशें पंधरा लिटर लागलें असतें. बचत एकशें चौऱ्याण्णव लिटरांची. लिटरास १०४ रुपये धरल्यास वीस हजारांस थोडी अधिक. साडेचार लाख वसूल व्हावयास बावीस वर्षें लागतील. आमचें वय आज सहासष्ट. त्या शुभदिनीं आम्ही अठ्ठ्याऐंशीचे असूं. वर्षास पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थास मात्र हीच रक्कम सात वर्षांत सुटेल. त्यांतहि पेट्रोलांत आतां वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें; इथेनॉलांत मापास माप पेट्रोलाच्या दोन तृतीयांश इतकीच उष्णता असल्यामुळें आंकडा थोडा उतरतो, तो प्रत्येक पेट्रोलच्या गाडीचा उतरतो.

तर मग आमची पुंजी वायां गेली काय? केवळ रुपयांत पाहिलें तर चिरंजीवांचा अंदाज चुकला हें खरें. परंतु एक लिटर पेट्रोल जळलें कीं सव्वादोन किलोहून अधिक कार्बन वायु हवेंत जातो. त्या हिशेबानें वर्षास सुमारें साडेचारशें किलो वायु ह्या गाडीनें सोडला नाहीं. खिंडींत अर्धा तास अडकल्यावर आपल्या गाडीचा धूर शेजारच्या सायकलवाल्या कामगाराच्या तोंडावर जात नाहीं, हें समाधानहि खोटें नाहीं. ज्या वाचकांस अशी गाडी घ्यावयाची असेल त्यांनीं जाहिरातींतला आंकडा वाचण्यापूर्वीं स्वतःच्या फेऱ्या एक महिनाभर लिहून काढाव्या; किती, कोठें, केवढ्या लांबीच्या. उत्तर बहुधा त्या कागदावरच सांपडेल.

आमची टिपणवही अद्याप चालू आहे. अंतर आणि लिटर लिहितों, महिन्याच्या शेवटीं एकदांच भागाकार करतों, आणि आंकडा जेवतांना सांगत नाहीं. सोमवार, बुधवार व शुक्रवार ह्या तीन दिवशीं सकाळीं साडेनऊस गाडी काढतों. सौभाग्यवती पुढच्या आसनावर बसतात. खिंडींत रांग लागलेली असते, इंजिन थांबतें, आणि त्या शांततेंत डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो. परवां त्यांनीं पडद्याकडे बोट करून विचारलें, “आज किती?” आम्हीं म्हटलें, “पाहिलें नाहीं.” तें खरें होतें.