मोटारीचे डोके

पूर्वी कोणाच्या दारात नवी मोटार दिसली, की आपण दोनच गोष्टी विचारायचो : 'कितीला पडली?' आणि 'लिटरला किती देते?' आता तिसरा प्रश्न निघाला आहे, 'सॉफ्टवेअर कोणतं टाकलंय?'

हे ज्ञान मला न्यू जर्सीतल्या भाच्याने दिले. त्याच्याकडे सुबारूची एसटीआय आहे. अडीच लिटरचे इंजिन आणि त्यावर टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराने चक्र फिरवायचे आणि त्याच इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पंगतीत आग्रह करकरून जिलबी वाढतात, तसा प्रकार! कंपनीने बेताचा आग्रह करून गाडीला 310 घोडे दिले होते. भाच्याला चारशे हवे होते. चारशे घोडे घेऊन एखादा सरदार मोहिमेवर निघाला असता. हा ऑफिसला जातो.

त्यासाठी त्याने मोठा टर्बो बसवला, आणि इथेच गाडीचे डोके फिरले. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे एक छोटा संगणक ठरवतो. एरवी 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल हे आदर्श प्रमाण. टर्बो जोरात आला की हवा सुमारे अकरा भागांवर आणायची, म्हणजे पेट्रोल सढळ हाताने सोडायचे; त्याने आतली आग आटोक्यात राहते. ठिणगी जरा लवकर पडली, तर आत ठोके बसतात. या इंजिनाचे पिस्टन तर कडेला तडकण्याबद्दल प्रसिद्धच! तडकले, की सॉफ्टवेअर राहते आणि इंजिन जाते.

हे आकडे बदलायला तीन स्थळे सांगून आली. पहिले टेक्सासच्या कॉबचे 'ॲक्सेसपोर्ट'. हातात मावणारी डबी. ती एका वेळी एकाच गाडीची होते आणि या जोडणीला तिकडे चक्क 'लग्न' म्हणतात! दुसरीकडे द्यायची तर आधी रीतसर काडीमोड. दुसरे स्थळ इंग्लंडच्या 'एक्युटेक'चे. घराणे चांगले, पण प्रत्येक गाडीला वेगळा परवाना. तिसरे 'रोमरेडर', अगदी फुकट. हुंडा नाही, मानपान नाही; पण उद्या रुसवा झाला तर व्याही कोणाला म्हणायचे?

भाच्याने तीन आठवडे जागून तक्ते केले आणि शेवटी मला फोन लावला. "मामा, तू काय म्हणतोस?"

माझा इंजिनाशी संबंध म्हणजे स्कूटर आडवी करून सुरू करण्यापुरता. पण मामाला सल्ला विचारल्यावर तो नाही कसा म्हणेल?

"अरे, पण हे आकडे भरणार कोण?"

"आहे इथे एक जण. गाडी रोलरवर चढवतो, जागच्या जागी पळवतो आणि ठोके ऐकत आकडे जुळवतो."

"त्याचा हात कशावर बसलाय?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "एक्युटेकवर."

"मग तेच घे. पेट्रोल, हवा आणि ठिणगी तिन्हींत तीच. आपण आचारी आधी ठरवतो, कढई तो घेऊन येतो."

त्याने तेच केले. पिस्टन शाबूत आहेत. तिकडच्या मोठ्या रस्त्यांवर वेगमर्यादा फार तर ताशी 65 मैल. तेवढ्याला पाच-पन्नास घोडे पुष्कळ झाले. उरलेले साडेतीनशे कशाला, हे मी विचारले नाही. त्याच्या आईच्या कपाटातल्या पैठण्यांबद्दलही मी कधी विचारलेले नाही.