नामात दडलेला कर्ता

हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या माण गावाच्या शिवारात उभा राहिला, मेट्रोची कारशेडही इथेच आली. त्यामुळे ‘ॲक्विझिशन’, ‘कॉम्पेन्सेशन’ हे शब्द इथल्या घरांत पाठ्यपुस्तकाआधी पोचतात. नववीच्या वर्गात इंग्रजी भाववाचक नामं शिकवताना मी तिथूनच सुरुवात करते.

२०१३च्या भूसंपादन कायद्याचं इंग्रजी नाव मी फळ्यावर लिहिते. त्या एका नावात लॅटिन प्रत्ययांची पाच नामं आहेत : कॉम्पेन्सेशन, ट्रान्स्परन्सी, ॲक्विझिशन, रिहॅबिलिटेशन, रीसेटलमेंट. ‘शन’ म्हणजे मूळचा ‘-तिओ’, ‘न्सी’ म्हणजे ‘-एन्तिआ’, ‘मेंट’ म्हणजे ‘-मेन्तुम’. १०६६च्या नॉर्मन विजयानंतर असे प्रत्यय फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि इतके रुळले, की देशी शब्दांनाही लागू लागले. ‘रीसेटलमेंट’मधलं ‘सेटल’ अस्सल इंग्रजी. आधीचा ‘री’ आणि नंतरचा ‘मेंट’ मात्र लॅटिन.

मुलं अडतात ती ‘अक्वायर’पाशी. ‘अक्वायरेशन’ का होत नाही? कारण इथे प्रत्यय इंग्रजी क्रियापदाला लागलेला नसतो. नाम लॅटिनमध्येच तयार झालेलं असतं, तेही भूतकालवाचक धातुसाधिताच्या अंगापासून. ‘अक्वीरेरे’ म्हणजे मिळवणं, ‘अक्वीसीतुस’ म्हणजे मिळवलेलं, त्यावरून ‘ॲक्विझिशन’. डिसाइड-डिसिजन, परमिट-परमिशन यांचंही तेच. मग मी दृष्ट-दृष्टी, उक्त-उक्ती या जोड्या लिहिते. आपला ‘ति’ आणि लॅटिनचा ‘तिओ’ एकाच कुळातले आहेत हे कळलं, की स्पेलिंगची भीती निम्मी उतरते.

खरा धडा त्यापुढे असतो. क्रियापदाचं नाम झालं, की कर्ता गळून पडतो. ‘पेरणी झाली’ म्हटलं, तर कुणाच्या खाचरात कुणी पेरलं हे भावकीला ठाऊक असतं. नोटिशीतलं ‘ॲक्विझिशन’ तसं ओळखीचं नसतं. म्हणून प्रत्येक नाम उलगडून मुलांकडून पुरं वाक्य करून घेते : कोण घेणार, कुणाची जमीन, कोणता गट नंबर, मोबदला कुणाला, कधी? ज्याचं उत्तर कागदात सापडत नाही, त्याखाली रेघ मारायची.

सही करण्याआधी अशा रेघा मारणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात हवं. ते नववीतली मुलगी असू शकते, आणि तिला तेवढं बळ व्याकरणाच्या तासातून मिळायलाच हवं.